शेठ, युनियन आणि सरकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकार नेमकं कुणाचं ऐकतं, हा प्रश्न आपल्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही निघतो. उत्तरं दोनच ठरलेली: ‘सगळे पैशाचे खेळ’ नाहीतर ‘युनियनवाल्यांनी वाट लावली’. दोन्हींत थोडं तथ्य आहे आणि बराच आळस. खाली आलेले प्रश्न लोक खरोखर विचारतात तसेच ठेवले आहेत. उत्तरांत महाराष्ट्र जास्त आहे, कारण हा खेळ इथे जितका उघड्यावर खेळला गेला तितका देशात फार थोड्या ठिकाणी.

प्रत्येक पक्षाची आपापली युनियन कशाला लागते?

सुरुवात अशी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणलं, तेव्हा काँग्रेसचाही जन्म व्हायचा होता. रविवारची सुट्टी त्यांनी 1890 मध्ये मालकांकडून मिळवली ती कुठल्या पक्षाच्या झेंड्याखाली नव्हे. 1920 मध्ये मुंबईतच आयटक ही देशपातळीवरची कामगार संघटना निघाली, लाला लजपतराय पहिले अध्यक्ष झाले. तिच्या छत्राखाली काँग्रेसवाले आणि ना. म. जोशींसारखे नेमस्त होते, पुढे कम्युनिस्टही आले.

स्वातंत्र्य दारात आलं आणि वाटण्या सुरू झाल्या. मे 1947 मध्ये काँग्रेसची इंटक, 1948 मध्ये समाजवाद्यांची हिंद मजदूर सभा, 1955 मध्ये रा. स्व. संघाच्या दत्तोपंत ठेंगडींचा भारतीय मजदूर संघ, 1970 मध्ये माकपची सीटू. मधल्या काळात शिवसेनेची भारतीय कामगार सेनाही उभी राहिली. तारखा नीट पाहिल्या तर लक्षात येतं, की पक्ष फुटला किंवा नवा निघाला की मागोमाग युनियन निघते. म्हणजे ‘युनियन सरकारवर दबाव आणते’ हे अर्धंच खरं. बऱ्याचदा पक्षच युनियनला हाकतो आणि त्याला दबाव हे नाव पडतं.

अपवाद आहेत. वाजपेयी सरकारच्या निर्गुंतवणुकीवर सर्वांत बोचरी टीका करणाऱ्यांत ठेंगडी होते, म्हणजे घरचेच.

मग 1982 चा गिरणी संप का फसला? अडीच लाख माणसं रस्त्यावर असताना?

कारण ती अडीच लाख माणसं ‘बेकायदा’ होती. याचं मूळ 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात आहे, गिरणगावात ज्याला नुसतं ‘बीआयआर’ म्हणायचे. या कायद्याने मुंबईच्या सगळ्या कापड गिरण्यांसाठी एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन मानली आणि मालकाशी बोलण्याचा हक्क तिलाच दिला. त्यासाठी बहुमतही लागत नव्हतं, एक चतुर्थांश सभासद दाखवले की पुरे. ती जागा इंटकप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. सरकार काँग्रेसचं, मान्यताप्राप्त युनियन काँग्रेसची, आणि कामगार तिच्यावर चिडलेला.

1981 च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. काही गिरण्यांचे कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. हे सामंत स्वतः आधी काँग्रेसचे आमदार आणि इंटकमधलेच, हेही विसरू नये. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. पगारवाढ हवी होती, गैरहजरांच्या जागी रोज बोलावल्या जाणाऱ्या बदली कामगारांना कायम करून हवं होतं, आणि बीआयआर रद्द व्हायला हवा होता. पगाराचं कदाचित जमलं असतं. पण बीआयआरला हात लावला की काँग्रेसची गिरणगावातली गादीच जाणार होती. शिवाय सामंतांना इथे यश मिळालं तर उद्या बंदरात, परवा रेल्वेत तेच होईल ही दिल्लीची भीती. त्या ऑगस्टमध्ये तर मुंबईचे पोलीसच संपावर गेले.

मालकांनाही घाई नव्हती. गिरणीतल्या जुन्या साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड काढण्यापेक्षा भिवंडीच्या यंत्रमागांवर काढून घेणं स्वस्त पडत होतं, आणि पायाखालची जमीन तर सोन्याची होती. म्हणून मी म्हणतो, हा संप मोडला असं म्हणणं चूक आहे. तो नुसता लांबू दिला. त्याची अधिकृत समाप्ती कुणी कधी जाहीर केलीच नाही.

1984 मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण-मध्य मुंबईने मात्र अपक्ष दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं. माणसं त्यांच्या बाजूने होती हे मतपेटीतून सिद्ध झालं, पण तोवर कित्येक गिरण्यांची फाटकं कायमची बंद होत चालली होती. 16 जानेवारी 1997 ला पवईत सामंतांचा गोळ्या घालून खून झाला.

त्याच सुमाराला सिमेंट प्रकरणही झालं होतं ना?

त्याचा निकाल संप सुरू झाला त्याच महिन्यात, जानेवारी 1982 मध्ये लागला. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होतं, कोटा सरकार ठरवायचं. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बिल्डरांनी देणग्या दिल्या आणि त्यांना जादा सिमेंट मिळालं. या दोन गोष्टींची सांगड मुंबई उच्च न्यायालयाने दाखवून दिली आणि अंतुल्यांना जावं लागलं. संप सुरू व्हायला जेमतेम आठवडा उरला होता. संपाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले, म्हणजे वाटाघाटीला बसणारं सरकारच कोरं होतं.

एकाच महिन्यात दोन्ही प्रकारचा दबाव मुंबईने पाहिला. बिल्डरांचा दबाव पावतीवर आणि फाइलीत होता, तो शोधून काढायला न्यायालय लागलं. कामगारांचा दबाव लालबाग-परळच्या रस्त्यावर होता, तो कुणालाही दिसत होता. आणि जो सगळ्यांना दिसतो तो अडवायलाही सोपा असतो.

शिवसेना कम्युनिस्टांना संपवण्यासाठी वाढवली गेली, हे खरं का?

कुणी ‘वाढवली’ हे कागदावर दाखवता येत नाही. पण मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात सेनेला ‘वसंतसेना’ म्हणून चिडवायचे, ते उगाच नाही. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा जून 1970 मध्ये खून झाला. पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले आणि सेनेला पहिला आमदार मिळाला. लाल बावट्याची युनियन कमकुवत झाली तर मालकांना आणि काँग्रेसला दोघांनाही हवंच होतं. मात्र सेनेकडे गेलेला मराठी तरुण काही शेठजींच्या सांगण्यावरून गेला नव्हता. त्याला नोकरी हवी होती, आणि सेनेची स्थानीय लोकाधिकार समिती ती मिळवून देण्याची भाषा बोलत होती.

कंपन्या पक्षांना उघडपणे पैसे देऊ शकतात?

हो, आणि हा प्रश्न पहिल्यांदा गाजला तोही मुंबईतच. 1957 मध्ये टाटा स्टीलला पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमावलीत बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात आडकाठी नव्हती. पण त्याच निकालात त्यांनी इशारा दिला, की बड्या कंपन्यांचा पैसा असा पक्षांकडे वाहू लागला तर लोकशाहीचा गळा आवळला जाऊ शकतो, संसदेने यात लक्ष घालावं.

संसदेने लक्ष घातलं ते आपल्या सोयीने. 1969 मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच घातली. कारण साधनशुचिता असं सांगितलं गेलं, पण ‘स्वतंत्र’ या विरोधी पक्षाला उद्योगपतींकडून पैसा मिळत होता, तो आटला, हेही खरं. पैसा काही थांबला नाही, तो ब्रीफकेसमधून जाऊ लागला. 1985 मध्ये बंदी उठली आणि नफ्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत देणगीला मुभा मिळाली. आधी 5 टक्के होते, 2013 च्या कायद्याने साडेसात झाले, तेही आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या. 2017 मध्ये ही मर्यादाही काढून टाकली, त्याबद्दल पुढे.

आणि युनियन?

तीही देऊ शकते. पण इथली एक गंमत फारशी कुणी सांगत नाही. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यापासून नियम असा, की राजकीय कामासाठी युनियनने वेगळा निधी ठेवायचा आणि त्यात वर्गणी देण्याची सक्ती कुठल्याही सभासदावर करायची नाही. जो देणार नाही त्याला युनियनच्या इतर फायद्यांपासून दूर ठेवायचं नाही. म्हणजे चारआठ आण्यांच्या वर्गणीसाठीही प्रत्येक कामगाराची मर्जी विचारायची.

कंपनीला काय लागतं? संचालक मंडळाचा एक ठराव. भागधारकाला कुणी विचारत नाही. तुमच्या म्युच्युअल फंडात त्या कंपनीचे शेअर असतील तर तुमच्या पैशातून कुठल्यातरी पक्षाचं हेलिकॉप्टर उडालं असण्याची शक्यता आहे, आणि ते तुम्हाला आवडतं का हे विचारायला कुणी आलेलं नाही. युनियन आणि उद्योग यांच्या ताकदीतल्या फरकाबद्दल लोक खूप बोलतात. मला तो सगळा फरक या दोन नियमांत दिसतो.

निवडणूक रोख्यांचं नेमकं काय झालं?

2017 च्या वित्त कायद्याने ही सोय केली, जानेवारी 2018 मध्ये योजना लागू झाली. स्टेट बँकेतून रोखे घ्यायचे, पक्षाला द्यायचे, नाव जाहीर नाही. त्याच झटक्यात साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली, म्हणजे तोट्यातली कंपनीही कितीही देऊ शकत होती. तोट्यातली कंपनी देणगी का देते, हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने योजना आणि मर्यादा काढणारी दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवल्या. याचिकाकर्त्यांत माकप होता. रोखे घेणार नाही असं त्याने आधीच जाहीर केलं होतं. मग बँकेला यादी द्यावी लागली. एप्रिल 2019 पासूनच्या सुमारे 12 हजार कोटींच्या हिशेबात भाजपकडे 6,060 कोटी, तृणमूलकडे सुमारे 1,600 कोटी आणि काँग्रेसकडे सुमारे 1,400 कोटी गेल्याचं दिसलं. सर्वांत मोठी खरेदीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग, 1,368 कोटींची. तिचे बहुतेक रोखे प्रादेशिक पक्षांना, म्हणजे तृणमूल आणि द्रमुकला गेले. तेव्हा ‘पैसा फक्त दिल्लीच्या सत्तेकडे जातो’ हेही बरोबर नाही. जिथे परवाना, तिथे पैसा.

रोखे बंद झाले. आता?

इलेक्टोरल ट्रस्ट आहेत. 2013 पासूनची ही योजना: कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट वर्षाला किमान 95 टक्के रक्कम पक्षांना वाटतो आणि हिशेब निवडणूक आयोगाला देतो. कुणी ट्रस्टला किती दिले आणि ट्रस्टने कुणाला किती दिले हे कळतं. कुणाचे कुणाला गेले हे मात्र अनेकदा कळत नाही. आणि रोख आहेच. 20 हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला जाहीर करावं लागत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात 40 लाख आणि लोकसभेला 95 लाख खर्चाची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. या आकड्यांत कुठलीही निवडणूक बसते यावर विश्वास ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

साखर कारखाने यात कुठे बसतात? ते उद्योग की संघटना?

दोन्ही, आणि तिसरा म्हणजे पक्षही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला तेव्हा सावकार आणि खासगी कारखानदारांच्या कचाट्यातून ऊस उत्पादकाला सोडवायचं होतं. राज्य सरकारने भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली. इथेच मेख आहे. हमी मंत्रालयातून मिळायची, म्हणून अध्यक्षाला मंत्रालयात वट हवा. आणि अध्यक्षाकडे पाच-दहा हजार सभासद, तोडणीचा क्रम, कारखान्याची वाहनं, म्हणून पक्षाला तो अध्यक्ष हवा. उद्योगपती सरकारवर प्रभाव टाकतो असं इथे म्हणताच येत नाही, कारण टाकणारा आणि टाकून घेणारा एकच माणूस, फक्त खुर्ची बदलून बसलेला.

याला आव्हान दिलं ते शेतकऱ्यांच्याच संघटनांनी. शरद जोशींनी भावाचा प्रश्न रस्त्यावर आणला, पुढे राजू शेट्टींनी ऊसदर आंदोलनातून थेट लोकसभा गाठली. चौदा दिवसांत उसाचे पैसे देण्याचा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो पाळायला लावण्यासाठी दर हंगामात टायरची हवा सोडावी लागते, एवढं सांगितलं की पुरे.

शिक्षकांना वेगळे आमदार का? बाकी कुणाला नाहीत.

घटनेच्या 171 व्या कलमामुळे. आपल्या विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 7 शिक्षक आणि 7 पदवीधर मतदारसंघांच्या. हमालांना, आशाताईंना, अंगणवाडी सेविकांना असं दार नाही.

या दाराची किंमत 2023 मध्ये दिसली. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सरकारी नोकरीला लागलेल्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती. डिसेंबर 2022 च्या नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री फडणवीसांनी ती देता येणार नाही असं सांगितलं. पुढच्याच महिन्यात शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली आणि खुद्द नागपुरात भाजपच्या पाठिंब्याचा उमेदवार पडला. सूर लगेच मऊ झाला. मार्चमध्ये लाखो सरकारी कर्मचारी संपावर गेले आणि सात दिवसांत बोलणी होऊन संप मिटला. गिरणी कामगाराला वर्षभर थांबूनही जे मिळालं नाही, ते आठवड्यात वाटाघाटीच्या टेबलावर आलं. मालकच सरकार असेल, काम बंद पडल्यावर तहसील आणि दवाखाना दोन्ही अडत असतील, आणि संपकऱ्याची नोकरी पक्की असेल, तर हिशेब वेगळा होतो. त्याच कचेरीतल्या कंत्राटी माणसाला यातलं काहीच लागू नाही.

सरकार बदललं की उद्योगांबद्दलचं धोरण बदलतं का?

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचं उदाहरण घ्या. 1995 च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करत होते. युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये मनोहर जोशींनी करार रद्द केला, आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. 1999 मध्ये दाभोळची वीज सुरू झाली आणि 2001 मध्ये वीज मंडळाने ती परवडत नाही म्हणून घेणं थांबवलं. बुडालं ते शेवटी मंडळच.

गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं?

सुमारे 600 एकर. 1991 च्या नियमाने तीन वाटे ठरले: एक महापालिकेला मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राज्यात, नियमात एक छोटी दुरुस्ती झाली: वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन यात धरायची नाही. एका वाक्याने दोन वाट्यांतला मोठा तुकडा गेला. उच्च न्यायालयाने ते अडवलं, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती ग्राह्य धरली. दादरची कोहिनूर मिल 2005 च्या लिलावात 421 कोटींना गेली; घेणाऱ्यांत राज ठाकरे आणि मनोहर जोशींचे पुत्र उन्मेष यांच्या कंपन्या होत्या. व्यवहार रीतसर लिलावाचा होता. पण गिरणगावातल्या मराठी माणसाच्या नावाने उभ्या राहिलेल्या राजकारणाचा तो टप्पा पाहून जुन्या माणसांनी काय म्हटलं असेल ते लिहिण्याजोगं नाही.

गोव्यात तरी वेगळं आहे?

गोव्याने एक पायरी गाळली. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतःच खाणमालक. तरीही भाऊंचा (बांदोडकरांना भाऊ म्हणत) महाराष्ट्रवादी गोमंतक म्हणजे मगो पक्ष कुळांचा, जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांचा, बहुजनांचा, आणि कुळांना संरक्षण देणारा 1964 चा कायदा त्यांच्याच काळातला. धनिक सत्तेत आला म्हणजे जमीनदाराचंच राज्य असतं, या सोप्या समजाला तो मोठा धक्का आहे. खाणींच्या बाबतीत मात्र पुढच्या सरकारांना आवर घालता आला नाही. 2018 मध्ये 88 लीज रद्द करायला सर्वोच्च न्यायालयच लागलं.

युनियनने सरकारकडून टिकाऊ असं काही मिळवलंय का?

माथाडी कायदा, 1969. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्यांची संघटना बांधली. त्यांचा मालक कोण हेच ठरत नव्हतं, आज या पेढीवर तर उद्या त्या. कायद्याने मंडळ आणलं: व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना. आज फोनवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांसाठी जे मागितलं जातंय त्याचं गणित इथे पन्नास वर्षांपूर्वी मांडलं गेलं होतं.

नव्या कामगार संहितांनी काय बदललं?

जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाल्या. आता कुठल्याही उद्योगात संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते. 300 पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही, आधी ही रेषा 100 ची होती. वाटाघाटीचा हक्क 51 टक्के सभासद असलेल्या युनियनला. यातली शेवटची तरतूद 1982 मध्ये असती आणि मोजणी खरी झाली असती, तर राष्ट्रीय मिल मजदूर संघाचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मी साधा मतदार. मला यातलं काय तपासता येतं?

पक्षांचे देणगी अहवाल आणि ट्रस्टचे हिशेब निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, मतदारसंघातल्या उमेदवाराचं मालमत्तेचं शपथपत्रही. शेअर असतील तर कंपनीच्या वार्षिक अहवालात राजकीय देणगीची ओळ शोधा, नफातोटा पत्रकात ती दाखवावी लागते. युनियनचे सभासद असाल तर वार्षिक हिशेब मागा. राजकीय निधी वेगळा आहे का, आणि तुमच्या पगारातून कापली जाणारी वर्गणी कुठल्या खात्यात जाते, हे विचारा. पहिल्यांदा विचाराल तेव्हा गेट मीटिंगमध्ये सगळे तुमच्याकडे वळून पाहतील.